आपापली पात

गेल्या साली सोलापुरात करंजेवाडीच्या पोरींनी सात गोल खाल्ले, आणि गावाची अब्रू एस.टी.च्या टपावर बांधून परत आणली, असं सरपंच चनबसप्पा येईल-जाईल त्याला सांगत असे. खरं तर टपावर दोन कोंबड्यांचं खुराडं आणि कुणाची तरी पत्र्याची ट्रंक होती. पोरी आत मागच्या बाकांवर एकमेकींच्या खांद्यावर डोकी टाकून बसल्या होत्या. गोजरबाईची हौसा मंगळवेढा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर तिनं भाकरी खाल्ली नाही की पाणी मागितलं नाही.

हरण्याचं तिला एवढं नव्हतं. हसण्याचं होतं. चेंडू जिकडं जाईल तिकडं अकराच्या अकरा पोरी धावत सुटायच्या. गोलात उभी राहायची ती गौरम्माची थोरलीसुद्धा एकदा निम्म्या मैदानात येऊन पोचली होती आणि मागं गोल मोकळा पडला होता. बघ्यांतला कोणी तरी ओरडला, "मेंढरं आली रं, मेंढरं!" सगळं मैदान खो-खो हसलं. शहराच्या पोरी बूट घालून, हात कमरेवर ठेवून, आपापल्या जागी उभ्या राहून हसत होत्या.

या सगळ्याला कारण मायाप्पा. फौजेतून हवालदार होऊन परत आला तो एक वळकटी, एक लोखंडी पेटी आणि एक चामडी चेंडू घेऊन. गावातल्या पोरांना त्यानं आधी विचारलं. पोरं तालमीत जाणारी. पायानं खेळायचा खेळ त्यांना बायकी वाटला. मग गायरानात शेरडं राखायला येणाऱ्या पोरींकडं चेंडू गेला आणि तो त्यांनी परत लाथाडला. तिथून मंडळ सुरू झालं. गायरानातले दगड गावच्या बायकांनी वेचले. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून त्यांचे हात दगडाला सरावलेले होतेच. खेळ सुटला की पोरींना पोटाला हवं म्हणून आळीपाळीनं एकेका घरातून दूध आणि शेंगदाणे यायचे. मायाप्पाचा नियम एकच होता, जी रोज येती ती खेळती. बारीक असो, धापा टाकणारी असो, डाव्या-उजव्या पायाचा पत्ता नसो.

"ह्यो फुटबॉल हाय का अन्नछत्र?" चनबसप्पा म्हणायचा.

"पोरी घडवायच्या हैत अण्णा," मायाप्पा म्हणायचा. "भांडं घडायलाबी येळ लागतोच की."

सात गोल खाल्ल्यावर मायाप्पा पोरींना रोज सांगे, जागा सोडू नका, जागा सोडू नका. पोरी माना डोलवायच्या आणि चेंडू दिसला की सुटायच्या. त्याला वाटू लागलं, आपल्यालाच शिकवता येत नाही.

भादव्यात त्याच्या दोन एकरांतली तूर गवतानं झाकून गेली. एकटा जीव, बायको गेलेली. गोजरबाईनं चार घरच्या बायका आणि पोरी गोळा केल्या आणि सावड घातली. सावड म्हणजे आज आम्ही तुझ्या रानात, उद्या तू आमच्या. मजुरीचं नाव नाही. मायाप्पाही खुरपं घेऊन ओळीला बसला. प्रत्येकीनं आपली पात धरली, म्हणजे दोन-दोन ओळींचा पट्टा, आणि खुरपत पुढं सरकू लागली. ऊन असं चढलं की पाठीवर चोळी भिजून चिकटली.

हौसाची पात सगळ्यांत आधी सरली. ती उभी राहिली, कंबर मोडून मागं वाकली, आणि लगेच शेजारच्या पातीत उलट्या टोकाकडून बसली. ती पात दानम्माच्या रुद्राणीची होती. रुद्राणी तेरा वर्षांची, काडीसारखी, सदा मागं राहणारी.

मायाप्पा म्हणाला, "काय गं हौसा, तुझी सरली न्हवं? बस की बांधावर जरा."

"बसू कशी बापू? रुद्राणी मागं ऱ्हायली न्हवं. दुसरी राबती आन आपुन हात हालवत उभं ऱ्हायचं? लाज वाटती की."

मायाप्पाच्या हातातलं खुरपं थांबलं. तो ओळीतल्या बायकांकडं बघू लागला. गोजरबाईची पात सरली, ती गौरम्माच्या पातीत शिरली. गौरम्माची सरली, ती त्याच्याच पातीत समोरून येऊ लागली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

"आई गं," तो म्हणाला आणि कपाळावर मातीचा हात मारून घेतला. "म्हणून पळत्यात व्हय ह्या! चेंडू एकीच्या पायात असला की बाकीच्यास्नी लाज वाटती!"

बायका हसायला लागल्या. गोजरबाई मात्र हसली नाही. तिला ते पटकन आत कुठं तरी लागलं, कारण ते तिचंही होतं. उभ्या जन्मात ती कुणी काम करत असताना रिकामी उभी राहिली नव्हती. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हाही ती सासूबरोबर जात्यावर बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी मायाप्पानं गायरानात राखेनं पट्टे ओढले. एकेका पोरीला एकेका पट्ट्यात नेऊन उभं केलं.

"ही तुझी पात. चेंडू रुद्राणीच्या पातीत गेला तर तू काय करायचं?"

"मदतीला जायचं," हौसा म्हणाली.

"न्हाय. उभं ऱ्हायाचं. तिनं मान वर केली की तू तिला दिसायला पायजेस. तू दिसलीस तर ती चेंडू देईल. मैदानात उभं ऱ्हायाचं ह्येच काम हाय."

पोरींना वाटलं बापू थट्टा करतोय. पण बापू थट्टा करत नव्हता. पुढचे कितीतरी महिने तो तेवढंच शिकवत होता. पोरींचे पाय आपोआप निघायचे आणि त्या दात-ओठ खाऊन ते मागं ओढायच्या. आधी हौसाला जमलं, मग गौरम्माच्या दोघींना, मग एकेक करत सगळ्यांना. रुद्राणीला धावणं कधीच नीट जमलं नाही, पण एकदा उभी केली की ती तिथून हलायची नाही.

माघ लागला आणि ज्वारी पिकून उभी राहिली. असली ज्वारी दुष्काळानंतर कुणी बघितली नव्हती. कणसं ओंजळीएवढी, कणसाखालची ताटं पुरुषभर उंच. आणि नेमकं त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं. माघात ढग म्हणजे काय ते काळ्या रानातल्या माणसाला सांगावं लागत नाही. चार सरी पडल्या तर कणसं काळी पडणार, वर्षाची भाकरी कडू होणार. आणि नेमका त्याच आठवड्याच्या शेवटी सोलापुरात सामना होता. शनिवारी पहिला, जिंकला तर रविवारी दुसरा.

गोजरबाईच्या नवऱ्यानं, भीमानं, बैलांना वैरण टाकता टाकता सांगून टाकलं, "हौसा जायची न्हाय."

गोजरबाई भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं नाही. "का?"

"का म्हंजे? रान उभं हाय. हौसाच्या हातानं ज्वारी निघती. तिच्यासारखी पात कुणाची सरती का? ती गेली तर आपुन दोघं आन म्हातारी. भरलं पोट आपलं."

चुलीमागं बसलेली त्याची म्हातारी आई, दगडाबाई म्हणाली, "माजं नाव कशाला घेतूस रं? म्या अजून दोन पाती काडीन."

हौसा दारात उभी होती. तिनं ओठ आत ओढून घेतले. गेल्या साली एस.टी.त तिनं असेच ओठ आत ओढलेले असणार, हे गोजरबाईला आत्ता कळलं. ही पोरगी यंदा गेली नाही, तर ते हसणं जन्मभर हिच्या कानात राहणार. पुढल्या साली लग्न होईल, मग कुठलं मैदान आणि कुठला चेंडू.

दुसरी बातमी चावडीवरून आली. चनबसप्पानं शहरातल्या कॉलेजच्या चार पोरी ठरवल्या होत्या. आपल्या चार वगळायच्या, त्या चार घालायच्या, करंजेवाडीचे सदरे त्यांना द्यायचे.

"नाव आपलं ऱ्हाईल," तो मायाप्पाला समजावत होता. "आन पोरीबी सुगीला घरी ऱ्हातील. दोन्ही कामं व्हतील की."

"नाव आपलं आन पाय शेरातलं," मायाप्पा म्हणाला. "मग मी चार वर्सं काय शेरडं राखली का गायरानात?"

"बापू, यंदा परत हसू झालं तर मी तोंड कुटं दावू?"

त्याच संध्याकाळी गोजरबाई पदर खोचून दारोदार फिरली. पहिल्यांदा दानम्माकडं, मग गौरम्माकडं, मग ज्यांच्या पोरी खेळत होत्या त्या सगळ्या घरी, आणि मग ज्यांच्या खेळत नव्हत्या त्यांच्याकडंही. म्हणणं एकच होतं. एकेकीनं आपलं रान काढायचं म्हटलं तर पंधरवडा लागेल. सगळ्या गावच्या बायकांनी सावड घातली, एका वेळी एका रानात चाळीस पाती धरल्या, तर शुक्रवारपर्यंत खेळणाऱ्या पोरींची निम्म्यावर रानं मोकळी होतील. पोरींनीही शुक्रवारपर्यंत हात लावायचा. मग त्यांना सोडायचं. त्यांची उरलेली पात आपण सगळ्यांनी काढायची.

"माझी पोर्गी खेळत न्हाय. मला काय त्येचं?" एकीनं विचारलं.

"तुझी धाकटी चालाय लागली की येईल की गायरानात," गोजरबाई म्हणाली. "का तवा न्हाई म्हनणार हाईस?"

सोमवारी पहाटे दव असताना पहिल्या रानात पाती पडल्या. ज्वारी उपटायची म्हणजे ताट बुडाशी धरायचं, कमरेतून हिसका द्यायचा, मुळाची माती पायावर झाडायची आणि आडवं टाकायचं. दव असेपर्यंत माती सुटते. ऊन वर आलं की काळी जमीन ताट सोडत नाही, आणि मग हातांची सालं निघतात. दुपारपर्यंत सगळ्यांच्या तळव्यांना फोड आले आणि तिसऱ्या प्रहरी ते फुटले. बायकांनी चिंध्या गुंडाळल्या. गौरम्मानं हळद आणि तेल आणलं, ते बोटबोट सगळ्यांनी घेतलं. पानं मानेला कापत होती, नाकात कणसांची बारीक कूस जात होती, आणि वर आभाळ रोज थोडं अजून खाली येत होतं.

संध्याकाळी पोरी गायरानात जायच्या. त्यांचे हात वर होत नव्हते.

"बरं झालं," मायाप्पा म्हणाला. "हाताचा खेळच न्हाय ह्यो."

मंगळवारी चनबसप्पा छत्री लावून भीमाच्या बांधावर येऊन उभा राहिला. त्याचं पन्नास एकर काळं रान उभं होतं आणि मजुरीला एक बाई मिळत नव्हती.

"गोजरबाई, उद्या माज्या रानात बायका पाठव."

"उद्या गौरम्माच्या रानात सावड हाय अण्णा."

"आन परवा?"

"परवा दानम्माच्या."

"आन माजी ज्वारी काय कावळं काडणार?" चनबसप्पा आभाळाकडं बघून ओरडला.

गोजरबाई कंबर सरळ करून उभी राहिली. सरपंचाशी उभ्यानं बोलायची तिची पहिलीच वेळ होती. हातातलं ताट तिनं सोडलं नाही.

"तुमचीबी सावडीत धरतो की अण्णा. जेवडी व्हईल तेवडी काडू, पयली वढ्याकाठची. पन सावडीत मजुरी न्हाय आन मालक बांधावर बसत न्हाय. घरातल्या मानसाचं हात लागत्यात."

बायकांनी तोंडाला पदर लावले. भीमा बैलाच्या पलीकडं जाऊन उगाच खाली वाकला.

"म्हंजे? म्या ज्वारी उपटू?"

"न्हाय तर वैनीस्नी पाठवा."

"तिचं गुडघं धरल्यात."

"मग तुमीच या," गोजरबाई म्हणाली. "आन अजून येक. ज्या पोरींच्या आया तुमची ज्वारी काडत्यात, त्याच पोरी खेळत्याल. शेरातनं कुनी यायचं न्हाय."

चनबसप्पाचा चेहरा फोड आल्यासारखा झाला. तो वळला आणि ढेकळांतून धोतर सावरत निघून गेला. भीमा म्हणाला, "झालं. आता पाण्याची पाळी बंद व्हणार आपली." गोजरबाईला त्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

गुरुवारी उजाडता उजाडता दानम्माच्या रानात पाती पडत होत्या, तेव्हा बांधावर चनबसप्पा उभा. छत्री नव्हती. डोक्याला टॉवेल बांधलेला होता. कुणाकडं न बघता तो ओळीला आला आणि ताटाला हात घातला. पहिल्या हिसक्याला ताट आलं नाही, तो आला. दुसऱ्याला दोघं आले. चाळीस बायकांनी कसं हसू दाबलं ते त्यांनाच माहीत.

त्याची पात सगळ्यांत मागं राहिली. सगळ्या पुढं गेल्या आणि मधेच एकटा सरपंच धापा टाकत, लाल तळवे फुंकत उभा. तेवढ्यात हौसाची पात सरली. ती वळली आणि समोरून त्याच्या पातीत शिरली.

"अण्णा, तुमी तिकडनं या, मी हिकडनं येती."

चनबसप्पानं पुन्हा ताटाला हात घातला. मग दोघं मधोमध येऊन भेटले, तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, "पोरी, शनवारी एस.टी.नं जाऊ नका. माजा ट्रॅक्टर घिऊन जावा."

शनिवारी सकाळी पोरी ट्रॉलीतून गेल्या, सोबत मायाप्पा. बायका चनबसप्पाच्या ओढ्याकाठच्या रानात होत्या. गोजरबाईचं मन ताटात नव्हतं. संध्याकाळी सगळ्या रस्त्यावरच्या गावाच्या पाटीशी येऊन थांबल्या. एस.टी.च्या कंडक्टरनं गाडी थांबवून, दारातून अर्धा बाहेर लोंबकळत सांगितलं, "एक-शून्य! तुमच्या पोरी एक-शून्यानं जिंकल्या!" एस.टी. गेली, धूळ खाली बसली, तरी बायका तिथंच उभ्या होत्या. रात्री आभाळानं चार थेंब शिंपडले आणि ढग कर्नाटकात निघून गेले.

"उगंच घाई केली," भीमा म्हणाला. पण पोरींना सोलापुरात ठेवून, गावाला न्यायला पहाटे परत आलेल्या ट्रॉलीत सगळ्यांच्या आधी तोच चढून बसला.

रविवारी दुपारी सोलापूरच्या मैदानाच्या कडेला करंजेवाडी बसली होती. बायकांच्या हातांना चिंध्या, पुरुषांच्या डोक्याला टॉवेल, आणि अंगाला अजून ज्वारीचा वास. समोर गेल्या सालचाच शहरातला संघ होता. बूट होते, मोजे होते. आपल्या पोरी अनवाणी, गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात. मागून कुणी तरी गेल्या सालची आठवण काढून "मेंढरं आली" म्हणालं. गोजरबाईनं मागं वळून त्याच्याकडं असं बघितलं की तो गप्प झाला.

पण यंदा कोणी कळपानं पळत नव्हतं. शहरच्या पोरी चेंडू घेऊन येत, तर प्रत्येक पातीत एकजण उभीच असे. एकीला चुकवलं तर पुढं दुसरी. अर्धा सामना तसाच गेला, गोल कुणाचाच नाही. दुसऱ्या अर्ध्यात शहरच्यांनी सगळा जोर लावला. चेंडू आपल्याच गोलासमोर घुटमळायला लागला, आपल्या पोरी पडत होत्या, उठत होत्या, लाथा खात होत्या. आणि हौसा एकटी लांब, डाव्या कडेला, मधल्या रेषेच्या जरा अलीकडं, मोकळ्या मैदानात उभी होती.

"अगं ए हौसा!" भीमा उठून ओरडला. "तितं मारत्यात तुज्या मैतरणीस्नी आन तू उभी काय ऱ्हायलीस? जा की!"

मागची सगळी गर्दी ओरडायला लागली. "पळ की! पळ की!"

हौसा दोन पावलं पुढं आली. गोजरबाईला तिचे पाय दिसत होते. तळवे मातीत रुतवून ती पाय ओढून धरत होती. गोजरबाईच्या स्वतःच्या पायातही तेच चाललं होतं. राबणाऱ्या बाईकडं बघत हात हलवत उभं राहणं काय असतं, ते तिच्या हाडाला माहीत होतं. थांब, ती मनात म्हणाली. थांब माझ्या बाये. हौसा ती दोन पावलं परत मागं गेली आणि उभी राहिली.

गौरम्माच्या धाकटीनं पडता पडता मान वर केली. तिला हौसा दिसली. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून आला आणि हौसाच्या समोर टप्पा खाऊन पडला. मग मात्र हौसा सुटली. तिच्यापुढं कोणीच नव्हतं, सगळं शहर आपल्या गोलासमोर जाऊन बसलेलं. बूट घातलेली गोलवाली पुढं धावत आली, हौसानं चेंडू तिच्या बगलेखालून सरळ आत सारला.

करंजेवाडीनं काय केलं ते सांगता येत नाही. दगडाबाईनं शेजारच्या अनोळखी माणसाची टोपी काढून उडवली.

थोडाच वेळ उरला होता. तेवढ्यात मायाप्पानं हात वर केला आणि हौसाला बाहेर बोलावलं. तिच्या जागी त्यानं रुद्राणीला आत घेतलं आणि डाव्या कडेला, आपल्या गोलाजवळच्या पातीत उभं केलं.

चनबसप्पाचा आवाजच फुटला. "अरं बापू! गोल घालणारीला काडतूस? जिंकल्याला डाव घालवतूस व्हय? गोजरबाई, सांग की त्येला!"

गोजरबाईलाही क्षणभर वाटलं, सांगावं. मग तिनं रुद्राणीकडं बघितलं. लेंगा मोठा झालेला, नाडी दोनदा गुंडाळलेली, तोंड पांढरंफटक.

"ती रोज येती अण्णा," गोजरबाई म्हणाली.

हौसा येऊन आईजवळ बसली. तिला हात कुठं ठेवावेत कळत नव्हतं. रुद्राणीकडं आलेला पहिलाच चेंडू तिच्या पायांमधून निघून गेला. लोक हसले. दानम्मानं डोळ्यांवर पदर घेतला. शेवटी शहरची एक उंच पोरगी त्याच कडेनं चेंडू घेऊन आली, एकीला चुकवलं, दुसरीला पाडलं, आणि समोर फक्त रुद्राणी उरली. ती पुढं धावली नाही, मागं सरली नाही. आपल्या पातीत दोन्ही पाय रोवून उभी राहिली. बुटाचा सगळा जोर घेऊन चेंडू तिच्या पोटावर बसला. ती दुमडून खाली पडली आणि चेंडू रेषेबाहेर गेला.

रुद्राणी गुडघ्यावर आली. मग उभी राहिली. नाडी घट्ट केली. आणि शिट्टी वाजली.

सगळ्यांत आधी मैदानात चनबसप्पा शिरला, धोतराच्या सोग्याचं भान नसलेला. त्यानं रुद्राणीला उचलून खांद्यावर घेतलं आणि फुटक्या तळव्यांनी तिचे पाय घट्ट धरून तो गरागरा फिरायला लागला. मागून हौसा, गौरम्मा, पदर सुटलेली दानम्मा, भीमा. मायाप्पा एकटाच कडेला खाली बसला होता आणि उपरण्यानं तोंड पुसत होता.

गोजरबाईला कळलंच नाही ती कधी उठली. तिच्या पायाखाली मऊ माती होती, कानात सगळ्या गावाचा ओरडा होता, आणि ती जीव खाऊन धावत होती. पुढं काढायला पात नव्हती, आणायला पाणी नव्हतं, हाकायला गुरं नव्हती. नुसतीच धावत होती, मोठ्यानं हसत.